रामा तारी, मुक्काम फागालेआ

संध्याकाळचे सहा वाजत आले होते. माझी जीप फागालेआ गावात शिरली आणि चार धिप्पाड पुरुष रस्त्यात आडवे उभे राहिले. कमरेला लुंग्या, अंगात पांढरे शर्ट, हातात काठ्या. एकाने तळहात दाखवून थांबायची खूण केली. मी इंग्रजीत काय झालं म्हणून विचारलं, पण कुणी बोलेना. "आता हे काय नवीन, बाबा," मी स्वतःशीच पुटपुटलो.

तेवढ्यात उजवीकडच्या माडाखालून आवाज आला, "गाडी थंयच ठेवा. इंजिन बंद करा. प्रार्थना चालू आसा. धा मिनटां गप बसान रवा."

मी इंजिन बंद केलं आणि गप बसलो. गावातल्या प्रत्येक घरातून गाणं ऐकू येत होतं. घरांना भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि वर छप्पर, त्यामुळे गाणारी माणसं दिसतही होती. समोर खाडीचं पाणी जांभळं होत चाललं होतं. मी वर्ध्याचा, राहायला मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला, आणि बसलो होतो दक्षिण पॅसिफिकमधल्या एका बेटावर. होनोलूलूहून पुन्हा पाच तास विमानाने खाली गेलं की हे बेट लागतं. पोस्ट ऑफिसवर झेंडा अमेरिकेचा, माणसं सामोअन. गावोगाव नळाचं पाणी न्यायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं, आणि माझं तिथे येऊन तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत मराठीचा शब्द कानावर पडला नव्हता. त्यामुळे माडाखालून आलेला तो आवाज मला खरा वाटेना.

मग घंटा वाजली. चर्चच्या घंटेसारखी नव्हे, जाड पितळेची, जहाजावरची. आडवे उभे असलेले चौघे बाजूला झाले, मुलं पळत बाहेर आली, आणि घंटा वाजवणारा माणूस हात पुसत माझ्या जीपपाशी आला. बेताची उंची, रुंद खांदे, केस पांढरे पण भुवया काळ्याभोर. कमरेला इतरांसारखीच फुलाफुलांची लुंगी.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"देवगडचो," तो म्हणाला. मग शब्द शोधत असल्यासारखा थांबला. "देवगडच्या खालच्या अंगाक आमचा गाव. तुम्ही खंयचे?"

"वर्ध्याचा."

"वर्ध्याक समुद्र आसा?"

"नाही."

त्याने माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं. "उतरा," तो म्हणाला, "चाय नाय हंय, कोको मिळता. पिऊन जावा."

त्याचं नाव रामचंद्र तारी. सामोअन जिभेला 'र' जमत नाही, म्हणून रामाचा लामा झाला होता. त्यांच्या भाषेत लामा म्हणजे मशाल. रात्री खडकांवर मासे मारायला जाताना नेतात ती. तारीकाकांना हे नाव आवडायचं. "आवशीन ठेवलेला नाव ह्यांनी मोडला," ते म्हणायचे, "पण मोडून बरा काय ता केला."

पुढे दोन वर्षं मी आठवड्यातून एकदा तरी फागालेआला जात राहिलो. काम असो नसो.

तारीकाका मालोसीच्या घरी राहत. मालोसी त्या कुळाचा प्रमुख. कुळाच्या प्रमुखाला तिकडे मटाई म्हणतात. शेत, होड्या, भांडणं, लग्नं, सगळं त्याच्या शब्दाने चालतं. साठीचा, अवाढव्य देहाचा, अतिशय हळू बोलणारा माणूस. त्याच्या घरात वीसएक माणसं होती आणि त्यांपैकी तारीकाका नेमके कोण, हे मला कुणी सांगितलं नाही. पाहुणे म्हणावं तर ते पहाटे उठून सगळ्यांच्या आधी चूल पेटवत. गडी म्हणावं तर जेवताना मालोसी त्यांना आपल्या शेजारी बसवी.

जहाज सुटून आठ-नऊ वर्षं झाली होती तरी त्यांच्या तोंडातलं जहाज गेलं नव्हतं. घराच्या जोत्याला ते डेक म्हणत, स्वयंपाकाच्या खोपटाला गॅली. डावं-उजवं हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. "तो समुद्राकडचो पाय दुखता," असं म्हणायचे. बसले की खांब पाठीशी आणि तोंड पाण्याकडे. बोलता बोलता हातांत काथ्याचा तुकडा असे आणि त्याच्या गाठी पडत आणि सुटत असत. त्याकडे ते स्वतः बघतही नसत.

मराठी त्यांनी कशी जपली होती हे मला फार दिवसांनी कळलं. त्यांचा एक पिवळा कुत्रा होता, मोती. त्याच्याशी ते मालवणीतच बोलत, पिल्लू असल्यापासून. सकाळी जाळं विणताना त्याला समोर बसवून एकेका वस्तूचं नाव सांगत: उंबरो, पायरी, रहाट, पोफळ, काजू, आंबो. "साखळी नुसती ठेवली तर गंज चढता," ते मला म्हणाले, "रोज थोडी हलवक व्हयी." परिणाम असा झाला की मोतीला सामोअन कळत नसे. गावातल्या मुलांना त्याला हाकलायचं असलं की ती "चल, भायर हो" असं खणखणीत मालवणीत ओरडत. एकदा पाद्रीबाबांना मी तसं ओरडताना ऐकलं.

तिथलं मुख्य खाणं अळू आणि नीरफणस. अळूचे कांदे उकडायचे आणि कोवळी पानं नारळाच्या घट्ट रसात शिजवायची. तारीकाका पहिल्यांदा ते जेवले तेव्हा घरची चव आठवून ताटावरून उठून मागच्या अंगणात गेले होते म्हणे. बेसन आणि हळद मिळाली तर काय बहार होईल, असं ते एकदा सहज बोलून गेले. मी सुनंदाला, माझ्या बायकोला, ईडन प्रेरीला फोन केला. तिने शिकागोहून येणाऱ्या एका मैत्रिणीकडून बेसन मिळवलं, हळद, हिंग, चिंच घातली आणि पार्सल पाठवलं. ते पाच आठवड्यांनी पोचलं. तारीकाकांनी पिशवी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. रविवारी चर्चनंतरच्या जेवणात साऱ्या गावाने अळूवडी खाल्ली. मालोसीची बायको सीना म्हणाली, आमच्याच पानाला तुम्ही हे काय करून ठेवलंत. ती तक्रार नव्हती, कारण तिने सहा खाल्ल्या होत्या.

होड्यांच्या शर्यतीची गंमतही सांगायला हवी. बेटावर दरवर्षी गावागावांच्या लांब होड्यांची शर्यत होते. एकेका होडीत चाळीस-पंचेचाळीस माणसं वल्ही मारतात. फागालेआची होडी जुनी होती आणि दरसाल शेवटी यायची. तारीकाकांनी तीन महिने तिच्या फटी बुजवल्या, तळ घासला, आणि मग मालोसीच्या सांगण्यावरून वल्हेकऱ्यांना ताल द्यायला पुढे बसले. सामोअनमध्ये आकडे मोजायचं त्यांनी कबूल केलं होतं. पण शर्यत सुरू झाली आणि मधल्या लाटेत त्यांच्या तोंडून वडिलांच्या होडीतलं "वड रे बाबा, वड" सुटलं. पंचेचाळीस सामोअन गड्यांनी तेच उचललं. त्यांच्या तोंडी ते "वल ले पापा, वल" झालं, आणि किनाऱ्यावर उभा असलेला मी वेड्यासारखा हसत सुटलो. होडी दुसरी आली. शेजारच्या गावच्या पाद्रीने नंतर चौकशी केली की तुम्ही म्हणत होता ते स्तोत्र कोणतं. "देवगडाक म्हणतत," तारीकाकांनी गंभीरपणे सांगितलं.

इतकं सगळं बोलणारा हा माणूस इथे आला कसा, ते मात्र बोलत नसे. मी विचारलं की काथ्याची गाठ घट्ट ओढून ते म्हणत, "जहाज खडकार चढला. मिया उतरलंय." बाकीचं मला गावाकडून तुटक तुटक कळलं. मालवाहू जहाज होतं. मालकाची कंपनी बुडाली, आणि जहाज बंदराबाहेर नांगर टाकून तसंच महिनोनमहिने पडून राहिलं. मग एका वादळात नांगर तुटला आणि ते फागालेआसमोरच्या खडकावर आलं. गावातल्या गड्यांनी दोर घेऊन पोहत जाऊन जहाजावरचा माणूस काढला. "दोन माणसं," सीनाने मला दुरुस्त केलं, आणि मग ती दुसऱ्या कामाला लागली. मी तेव्हा पुढे विचारलं नाही.

त्या बेटावर माणसं आपले मृत घरासमोर अंगणातच पुरतात. वर सिमेंटचा ओटा बांधतात, संध्याकाळी त्यावर बसून गप्पा मारतात, मुलं त्यावर खेळतात, कपडे वाळत घालतात. मालोसीच्या अंगणात असे पाच-सहा ओटे होते. त्यांत एक मोठा, त्याच्या आईचा. गाव तिला तीना म्हणे, तीना म्हणजे आई. ती जाऊन चार वर्षं झाली होती. शेजारी एक लहान, नाव नसलेला ओटा होता. तारीकाका नेहमी त्या लहान ओट्याच्या कडेला बसत.

पाइपलाइनची रेषा मी आखली होती. नकाशा जुना होता, त्यावर हे ओटे नव्हते. जागेवर जाऊन पुन्हा मोजायला हवं होतं, पण मी त्या आठवड्यात घाईत होतो आणि नकाशावरच रेघ मारून दिली. यंत्र चालवणारा माणूस आमचाच, नवीन होता. सकाळी त्याने मालोसीच्या अंगणाच्या कडेने चर खणायला घेतला आणि यंत्राचा दात तीनाच्या ओट्यात घुसला. सिमेंट दुभंगलं आणि अर्धा ओटा खाली बसला.

मी पोचलो तेव्हा यंत्राभोवती गावचे पन्नासएक पुरुष उभे होते. कुणी ओरडत नव्हतं. काहींच्या हातांत नारळ सोलायचे लांब सुरे होते. मालोसी ओट्यापाशी जमिनीवर बसला होता आणि सीना त्याच्यामागे उभी होती. मी माफी मागायला पुढे झालो तर त्याच्या एका पुतण्याने मला छातीवर हात ठेवून मागे सारलं. यंत्रवाल्याला घेऊन मी शहरातल्या माझ्या मुक्कामावर परतलो.

मिनिॲपोलिसहून साहेबाचा फोन आला. "वकील बघतील. तू त्या गावात पाऊल टाकू नकोस," तो म्हणाला.

संध्याकाळी तारीकाका बसने माझ्या घरी आले. मी त्यांना शहरात पहिल्यांदाच पाहत होतो. ते खुर्चीवर न बसता दाराशी उकिडवे बसले.

"उद्या उजाडायच्या आधी ये," ते म्हणाले. ते मला नेहमी अहो-जाहो करत. त्या दिवशी अरे-तुरे करत होते. "हंयची रीत आसा. ज्याच्याकडसून चूक झाली तो पहाटे त्या घरासमोर जाऊन बसता. अंगावर चटई घेता. बोलूचा नाय, काय सांगूचा नाय. घरवाल्यांच्या मनात इला तर ते चटई काढतले आणि आत बोलवतले."

"आणि मनात नाही आलं तर?"

"तर नाय काढणत. मारतीलही. त्यांचो हक्क आसा."

"साहेब नको म्हणतायत, काका."

"रेघ साहेबान मारली काय?"

मी म्हणालो, "माझ्याकडे चटई नाही."

"माझ्याकडे आसा," ते म्हणाले.

पहाटे धूसर उजेडात मी फागालेआच्या वेशीवर जीप ठेवली. तारीकाका काखेत एक घडी घेऊन उभे होते. तशा चटया मी समारंभांत लांबून पाहिल्या होत्या. केवड्याच्या जातीच्या पानांची, धाग्याइतक्या बारीक पट्ट्यांची, रेशमासारखी मऊ. एकेक विणायला वर्ष-वर्ष लागतं आणि घराण्यात त्या पिढ्यानपिढ्या जपतात. ही तीनाने स्वतः विणली होती आणि मरायच्या आधी तारीकाकांना दिली होती.

आम्ही अंगणाच्या कडेला गेलो. त्यांनी मला मांडी घालून, मान खाली करून बसायला सांगितलं. मग चटई उलगडली, आणि माझ्यावर घालून ते निघून जातील असं मला वाटत असताना स्वतःही शेजारी बसले आणि दोघांच्या डोक्यावरून ती ओढून घेतली.

"काका, तुम्ही कशाला? तुम्ही तर त्यांच्या घरचे," मी पुटपुटलो.

"गप बस."

सूर्य वर आला तसे विणीच्या फटींतून उजेडाचे बारीक कण आमच्या हातांवर पडायला लागले. आत वाळलेल्या केवड्याचा वास होता. बाहेर घर जागं होत असल्याचे आवाज येत होते. कुणीतरी चूल पेटवली. मोती येऊन चटईबाहेर हुंगून गेला. मग पावलं आली आणि पुतण्याचा चढलेला आवाज ऐकू आला. लामा हे नाव मला कळलं, बाकी नाही. पावलं आमच्याभोवती फिरली आणि दूर गेली. नंतर काही घडेना. माझे पाय बधिर झाले. वेळ कसा जातोय ते समजेनासं झालं. समुद्राचा आवाज कधी पुढून येई, कधी मागून, जणू आम्ही बसल्या जागी हळूहळू वाहत चाललो होतो.

आणि मग तारीकाका बोलायला लागले. जमिनीकडे बघत, जेमतेम मला ऐकू येईल इतक्या आवाजात.

त्या लहान ओट्याखाली शांताराम होता. शांताराम कुबल, त्यांच्या वाडीतला, शेजारच्या भागीकाकीचा एकुलता एक झील. चोवीस वर्षांचा. रत्नागिरीला एका गॅरेजात चांगला चिकटला होता. तारीकाकांनीच त्याला जहाजाची चटक लावली आणि भागीकाकीला सांगितलं, मी आहे ना सोबत. कंपनी बुडाल्यावर बाकीचे खलाशी एका मच्छीमार जहाजातून निघून गेले. शांतारामही निघाला होता, पेटी बांधून तयार होता. तारीकाकांनी त्याला थांबवलं.

"मिया म्हटलंय, जहाज असा सोडून जातत काय? मालक येतलो, आपलो मान रवतलो. माझो शब्द तो मोडूचो नाय. थांबलो."

पाच महिने दोघेच त्या जहाजावर होते. रोज डेक धूत होते, घंटा वेळेवर वाजवत होते. मग शांतारामच्या पोटात दुखायला लागलं. त्याच दिवशी वारा सुटला. लहान होडी पाण्यात टाकणं अशक्य होतं. दोन दिवस त्यांनी दिवे दाखवले, भोंगा वाजवला. दुसऱ्या दिवशी दुपारी शांताराम गेला आणि संध्याकाळी नांगर तुटला.

"गाववाले इले तेव्हा मी तेका धरून बसलेलंय. सोडीना. तीना किनाऱ्यार उभी होती. तिनाच माझे हात सोडयले. तेका न्हाणयला आपल्या हातांनी. मालोसीक म्हणाली, ह्याका आपल्या माणसांत ठेव. मालकाच्या मुंबैच्या माणसाक मी कळयलंय, शांताराम गेलो म्हणून. तेंणी तिका तार केली असतली. चार शब्दांची. मिया कायच लिवलंय नाय. काय लिवतलंय? नऊ वर्सां झाली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. उजेडाचे कण त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलत होते.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पावलं आली. जड, सावकाश. चटई उचलली गेली आणि उन्हाने मला काही दिसेना. मालोसीने आधी मला हाताला धरून उठवलं. मग तो तारीकाकांसमोर वाकला. ते उठेनात. मालोसी तसाच खाली बसला, त्यांच्यासमोर जमिनीवर, आणि दोघे बसून राहिले. घरातली माणसं खांबांपाशी उभी होती. पुतण्याने मान फिरवली होती. शेवटी सीनाने आतून हाक मारली की जेवण निवतंय, तेव्हा दोघे उठले.

आत गेल्यावर भाषणं झाली, मी माफी मागितली, ती त्यांनी स्वीकारली. ओटा आम्ही सर्वांनी मिळून पुन्हा बांधला आणि पाइप घराच्या मागून नेला. पण मला लक्षात राहिलं ते मालोसीचं बोलणं. निघताना तो माझ्यासोबत जीपपर्यंत आला.

"तुझ्यावरची चटई मी सकाळीच काढणार होतो," तो त्याच्या संथ इंग्रजीत म्हणाला. "तू चुकलास आणि आलास, तेवढं पुरे होतं. पण लामा बोलत होता. चटई हलत होती. त्याचं होईपर्यंत मी थांबलो."

दोन दिवसांनी तारीकाका पुन्हा माझ्याकडे आले. "माका जाऊचा आसा," ते म्हणाले, "भागीकाकीकडे. कागदांचा तू बघशील?"

त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, खलाशाचं पुस्तक जहाजासोबत गेलं होतं. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलातीला पत्रांवर पत्रं लिहिली. फोटो काढायला त्यांना शहरात नेलं. फोटो हातात आल्यावर त्यांनी तो लांब धरून पाहिला. "हो कोण म्हातारो?" त्यांनी विचारलं. दहा महिन्यांनी कागद आले. विमानतळावर अख्खं फागालेआ लोटलं होतं. त्यांच्या गळ्यात इतके हार होते की चेहरा दिसत नव्हता. तीनाची चटई त्यांच्या काखेत होती. मालोसीने सांगितलं होतं, तिकडे तुला लागेल. मोती धावपट्टीच्या कुंपणापर्यंत पळत गेला. सीनाने त्याला हाक मारली, "मोती, हंय ये."

माझंही काम संपलं आणि मी मिनेसोटाला परतलो. बर्फ, ऑफिस, शनिवारी मराठी मंडळींकडे जेवणं. फागालेआची गोष्ट मी कुणाला सांगायला गेलो की ती मलाच स्वप्नासारखी वाटायची आणि मी अर्ध्यावर सोडून द्यायचो.

दीड वर्षाने हिवाळ्यात एका सकाळी मुंबईहून फोन आला. खरखर होती, तरी आवाज ओळखीचा होता. "मी येतंय परत," तारीकाका ओरडून सांगत होते. "मालोसीन माझी हमी घेतली, कागद झाले. होनोलूलूक पाच तास विमान थांबता. सोमवारी."

आमच्या कंपनीचं होनोलूलूला ऑफिस होतं. मी तिथे तातडीचं काम असल्याचं सांगितलं. काम काही नव्हतं.

विमानतळावर ते मला लगेच दिसले. पायजमा, सदरा, त्यावर कुणीतरी दिलेला स्वेटर. वाळले होते. काखेत चटई नव्हती, एक कापडी गाठोडं होतं. आम्ही उघड्या अंगणातल्या बाकावर बसलो. दुपारचं ऊन होतं, चाफ्याचा वास येत होता.

"सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू? गेलंय. पहाटेक तिच्या दारात बसलंय, चटई डोक्यार घेऊन." ते थोडे हसले. "आमच्या वाडीत ही रीत कोणाक ठाऊक? लोक जमले. कोण म्हणता येडो, कोण म्हणता बुवा. ती भायर इली. तिका आता कमी दिसता. तिना चटई उचलली, माझ्या तोंडार हात फिरयलो. म्हणाली, रामा मां तू? उन्हात कित्याक बसलंस? आत ये."

"मग?"

"मग मी सगळा सांगितलंय. मी थांबयलंय म्हणून तो ऱ्हवलो, ताही सांगितलंय. ती आयकत ऱ्हवली. रडली नाय. तीन दिवस माझ्याशी बोलली नाय, पण जेवूक वाढी. चवथ्या दिवशी इचारल्यान, खंय ठेवलास माझ्या झिलाक? मी सांगितलंय, घरासमोर, अंगणात. पोरां त्याच्यार बसतत, गाणी म्हणतत. बाजूक एक म्हातारी आसा, तिनाच तेका न्हाणयला. तर म्हणता, एकटो नाय मां? म्हटलंय, नाय गे काकी."

धावपट्टीवर एक विमान वळत होतं.

"मी थंयच ऱ्हवणार होतंय. तिचा करूक. घर शाकारलंय, पाणी भरलंय, तिका डॉक्टराकडे नेलंय. वर्षभर सगळा बरा चालला. एक दिवस ती म्हणाली, रामा, तू हंय काय करतंस? माका बघूक वाडी आसा. तो थंय आसा, तेच्याजवळ आपला माणूस कोण आसा? तू जा."

"आणि चटई?"

"तिका दिलंय. तिना मागून घेतली."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत गोधडी होती. जुन्या लुगड्यांची, हिरवी, जांभळी, विटकी, आणि कडेने शांतारामच्या शर्टाच्या निळ्या पट्ट्या शिवलेल्या. टाके वेडेवाकडे होते, कमी दिसणाऱ्या बाईने घातलेले. "थंय थंडी नसता, मी सांगितलंय," ते म्हणाले. "ती म्हणाली, पावसात लागतली तेका."

विमानाची वेळ झाली. सामोअन लोकांचं गेट लांबून ओळखू येतं. खुर्च्या रिकाम्या आणि सगळी माणसं जमिनीवर. बर्फाच्या पेट्या, गिटार, झोपलेली मुलं, फुलांचे हार. तारीकाका आत शिरले आणि कुणी ओळखीचं नसतानाही एका म्हातारीने पाय आखडून त्यांना जागा करून दिली. ते बसले. तिने काहीतरी विचारलं, त्यांनी सामोअनमध्ये उत्तर दिलं. मग तिने गोधडीच्या टाक्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी त्यांना सांगायला वेळ लागला. आसपासच्या बायका बोलायच्या थांबल्या.

म्हातारीने शेजारणींना खूण केली. चौघी उठल्या, एकेक कोपरा धरून त्यांनी गोधडी उघडली आणि समारंभात मानाची चटई धरतात तशी छातीशी उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. गेटवरची माणसं तिच्याकडे पाहत राहिली, आणि म्हातारीने बसल्या जागेवरून एक लांब, खोल हाक दिली. तिला साऱ्या गेटमधून उत्तर आलं. मग बायकांनी गोधडीची जपून घडी केली आणि ती म्हातारीच्या मांडीवर ठेवली. तिने दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

मी काचेबाहेरून हात हलवला. तारीकाकांचं लक्ष नव्हतं. ते म्हातारीला काहीतरी सांगत होते, आणि सांगताना त्यांनी शेजारच्या झोपलेल्या पोराचं डोकं सहज उचलून आपल्या मांडीवर घेतलं होतं.